औषधभांडाराची किल्ली कोणाकडे?

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या फौंड्रीत वीस-पंचवीस वर्षे राबलेल्या कामगाराची मुलगी रुग्णालय व्यवस्थापनाची पदवी घेऊन घरी येते, तेव्हा त्या घरी पेढे वाटले जातात आणि ते स्वाभाविकच आहे. वैद्यकीय महाविद्यालयाचे दार त्या घराला कधीच उघडे नव्हते. गुणांची अडचण एक वेळ ओलांडता आली असती; शुल्काची ओलांडता आली नसती. शिवाय मिरज हाकेच्या अंतरावर. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तेथे मिशनचे रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव म्हणून दक्षिण महाराष्ट्राला आणि लगतच्या कर्नाटकाला ठाऊक आहे. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीने तर त्या डॉक्टरचे नावच धारण केले आहे. इतकी रुग्णालये म्हटल्यावर ती चालवावयास माणसे लागणार, ती माणसे शिकलेली असावी लागणार, आणि ते शिक्षण पदरात पडले की पांढऱ्या कपड्यांतली नोकरी मिळणार, असा हा सरळ हिशेब. शिक्षणसंस्थांच्या जाहिरातींनी तो घरोघर पोचवला आहे. त्यासाठी भरावे लागणारे शुल्क लाखांच्या घरात जाते, ते भविष्यनिर्वाह निधीतून उचल करून किंवा पतपेढीच्या कर्जातून भरले जाते, एवढी गोष्ट जाहिरातीत नसते.

ही पदवी घेतल्यावर पहिली नोकरी बहुधा बिलाच्या खिडकीवर मिळते. तेथे काम कोणते? दाखल होणाऱ्या रुग्णाकडून अनामत भरून घेणे, विमा कंपनीच्या मध्यस्थाकडे कागद धाडणे, चालू बिल ठराविक आकड्यापुढे गेले की नातलगांना बोलावून समज देणे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो आणि कोणता बसत नाही हे हताश माणसाला समजावून सांगणे. खिडकीच्या अलीकडे शिधापत्रिका आणि आधारकार्ड हातात धरून उभा असलेला माणूस तिच्या बापासारखाच असतो. कित्येकदा तो त्याच कारखान्यातला असतो. पदवीने तिला खिडकीच्या पलीकडे नेऊन बसवले, एवढाच काय तो फरक. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातील औषधसाठ्याचे गणित, जंतुसंसर्ग रोखण्याचे नियम, रांगांचे शास्त्र, अग्निसुरक्षा, रुग्णनोंदींचे जतन यांपैकी तिला काही करावयास मिळत असेल तर ते तिचे भाग्य. मालकाला तिच्याकडून हवी असते ती वसुली.

ही विद्या मुळात वसुलीसाठी जन्मलेली नव्हती. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने रुग्णालय प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९६६ मध्ये सुरू केला, तेव्हा देशात मोठे रुग्णालय म्हणजे सरकारचे, नगरपालिकेचे, मिशनचे किंवा एखाद्या धर्मादाय न्यासाचे असे समीकरण होते. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीने पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व मांडले होते. ते तत्त्व व्यवहारात आणावयाचे तर हजारो खाटांचा, औषधांचा, माणसांचा आणि पैशांचा मेळ कोणीतरी घालावयास हवा, या गरजेतून ही विद्या आली. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात ती डॉक्टरांना शिकवली जाते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने तर रुग्णालयाचे प्रशासन आणि एकूण आरोग्यसेवेचे प्रशासन हे दोन वेगळे विषय मानून दोन अभ्यासक्रम आखले. या दुसऱ्या विषयाचा खरा धनी शासन आहे. साथी, लसीकरण, गावोगावची उपकेंद्रे यांतून कोणा भांडवलदाराला नफा होत नाही. नव्वदीनंतर कंपन्यांची रुग्णालये उभी राहिली आणि या विद्येची भाषा बदलली. रुग्णाचा ग्राहक झाला. भरलेल्या प्रत्येक खाटेमागे दररोज सरासरी किती रुपये मिळाले, हा आकडा भागधारकांना तिमाहीगणिक कळवण्याचा विषय झाला आणि तो वाढता ठेवणे हे व्यवस्थापकाचे कर्तव्य ठरले. रुग्ण लवकर बरा होऊन घरी गेला, यात त्या आकड्याला स्वारस्य असते ते खाट पुढच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मोकळी झाली म्हणून.

येथवरच्या विवेचनाला पक्षाचा कोणताही कार्यकर्ता मान डोलवील. खरा वाद यापुढे आहे आणि तो चळवळीच्या घरातला आहे. व्यवस्थापन हा शब्द उच्चारला की समाजवादी कार्यकर्त्याच्या कपाळाला आठी पडते. त्याच्या लेखी व्यवस्थापन म्हणजे मालकाची बाजू, प्रशासन म्हणजे नोकरशाही, आणि या दोहोंची पदवी घेणारा तरुण म्हणजे वर्गाला पारखा झालेला इसम. मोर्चा निघतो तो डॉक्टर द्या, खाटा द्या, औषधे द्या, यासाठी. सिव्हिलमध्ये औषध का नव्हते, ते कोणी मागवले होते, केव्हा मागवले होते, कोणाच्या टेबलावर ती मागणी अडली, हे प्रश्न मोर्चाच्या निवेदनात क्वचित येतात. निवेदन स्वीकारणारा अधिकारी त्यामुळे निश्चिंत असतो. औषध द्या या मागणीला ‘वरिष्ठांकडे पाठपुरावा सुरू आहे’ हे उत्तर पुरते. अमुक तारखेला केलेल्या मागणीचे काय झाले, या प्रश्नाला ते पुरत नाही. प्रशासनाविषयीच्या या तुच्छतेने चळवळीचे नुकसान केले आहे, आणि त्याहून अधिक नुकसान सरकारी रुग्णालयाच्या पायरीवर बसलेल्या माणसाचे केले आहे.

नांदेडचे उदाहरण घ्यावे. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत निम्मी नवजात बालके होती. दुसऱ्या दिवसाअखेर मृतांचा आकडा ३१ वर गेला. महाराष्ट्र हादरला, आणि मग सत्तारूढ आघाडीच्या एका खासदाराने रुग्णालयात जाऊन प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू दिला व त्यांच्याकडून शौचालय स्वच्छ करून घेतले. ते दृश्य घराघरांत पोचले. कोणाला त्यात लोकप्रतिनिधीची तळमळ दिसली, कोणाला डॉक्टरचा अवमान दिसला. पुढे गुन्हाही दाखल झाला. या गदारोळात एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही. शेकडो खाटांच्या रुग्णालयात शौचालय स्वच्छ आहे की नाही हे पाहण्याचे काम अधिष्ठात्याचे कसे? जो आयुष्यभर वैद्यक शिकला आणि शिकवत आला, तोच माणूस सफाईचा ठेका, औषधांची खरेदी, प्राणवायूची टाकी, विजेची जोडणी, रिक्त पदांचा पत्रव्यवहार, न्यायालयातील प्रतिज्ञापत्रे आणि मंत्र्यांचा दौरा हे सारे पाहतो, आणि उरलेल्या वेळात विद्यार्थी व रुग्ण. हे सर्व करण्यासाठी शिकलेला माणूस त्या इमारतीत दुय्यम जागेवरही नव्हता. ज्यांनी ते पद निर्माणच केले नाही त्या राज्यकर्त्यांपैकी एकाने झाडू मात्र डॉक्टरच्या हाती दिला.

औषधांचे तर विचारूच नये. राज्याने २०१७ मध्ये सरकारी रुग्णालयांची औषधखरेदी हाफकिनच्या कंपनीकडे सोपवली. लस निर्माण करण्यात ज्या नावाने कीर्ती मिळवली त्याच्या गळ्यात खरेदीचे लोढणे अडकवले आणि ते काम करणारी शिकलेली माणसे मात्र दिली नाहीत. मागण्या साचल्या, निविदा रखडल्या, रुग्णालये स्थानिक खरेदीच्या चिठ्ठ्यांवर जगू लागली आणि चिठ्ठी अखेर रुग्णाच्या नातलगाच्या हाती येऊन पडली. अखेर २०२३ मध्ये कायदा करून औषधखरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापावे लागले. तमिळनाडूने याच कामासाठी आपले महामंडळ १९९४ मध्येच स्थापले होते. तेथे प्रत्येक सरकारी रुग्णालयाला एक पासबुक असते. वर्षाला किती रकमेची औषधे त्या रुग्णालयाने उचलावयाची ते त्यात लिहिलेले असते. जिल्ह्याच्या गोदामातून औषध उचलले की तेवढी रक्कम वजा होते. गोदामात साठा किती महिन्यांचा आहे हे रोज कळते आणि तो ठराविक पातळीखाली गेला की नवी मागणी निघते. किराणा दुकानदारालाही समजेल अशी ही पद्धत आहे, आणि तीत क्रांती वगैरे काही नाही. परंतु तिच्यामागे एक जुनी परंपरा आहे: सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र संचालनालय त्या प्रांतात १९२२ पासून आहे, आणि ते काम जन्मभर करणारी माणसे त्याच कामात बढती मिळवत वर जातात. महाराष्ट्रात डॉक्टर निवृत्तीला आला की प्रशासनाकडे वळतो, आणि भारतीय प्रशासन सेवेतील सनदी अधिकारी आरोग्याचे काम समजेपर्यंत दुसऱ्या खात्यात जातो.

भंडाऱ्याची आठवण याच संदर्भात ठेवली पाहिजे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली आणि दहा बालके गेली. अग्निसुरक्षेची यंत्रणा बसवण्याचा प्रस्ताव मंजुरीची वाट पाहत पडून होता, असे तेव्हा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण दगावले. दोन्ही ठिकाणी निलंबने झाली, आणि निलंबित झाल्या-झालेल्यांत परिचारिकाही होत्या. पगाराच्या शिडीवर जो जितका खाली तितका जबाबदारीच्या शिडीवर वर, हा सरकारी न्याय कोणाला नवा नाही. मंजुरीसाठी प्रस्ताव पडून असतो तेव्हा तो कोणाच्या तरी कामाचा भाग असावा लागतो. तसा तो कोणाच्याच कामाचा भाग नसेल, तर तो पडूनच राहणार.

शासनाला हे ठाऊक नाही असे समजणे भाबडेपणाचे होईल. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान एप्रिल २००५ मध्ये सुरू झाले, तेव्हा प्रत्येक जिल्ह्यात कार्यक्रम व्यवस्थापन कक्ष स्थापण्यात आला. त्यात व्यवस्थापनाची पदवी घेतलेले जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापक नेमले गेले, लेखा व्यवस्थापक नेमले गेले, आकडेवारी सांभाळणारे नेमले गेले. म्हणजे डॉक्टरांखेरीज आरोग्य प्रशासनाला स्वतंत्र शिकलेला माणूस लागतो ही गोष्ट शासनाने वीस वर्षांपूर्वीच मान्य केली. केवळ ती मान्य केली अकरा महिन्यांच्या करारावर. करार संपला की एका दिवसाची खंडणी, मग नवा करार. बाळंतपणाची रजा, निवृत्तिवेतन, बढती या गोष्टींचे नाव काढावयाचे नाही. ज्या माणसाला पुढल्या वर्षी आपण येथे असू की नाही याची शाश्वती नाही, त्याने जिल्ह्याच्या आरोग्याची पाच वर्षांची योजना आखावी, अशी अपेक्षा! या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी २०२३ च्या ऑक्टोबरात राज्यव्यापी संप केला तो कायम करा या मागणीसाठी. पुढच्या मार्चमध्ये सरकारने दहा वर्षे सेवा झालेल्यांपैकी काहींना रिक्त जागांवर सामावण्याचा निर्णय काढला. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांना पुन्हा रस्त्यावर उतरावे लागले. त्या वेळी त्यांच्याबरोबर कोण होते आणि कोण नव्हते, याचा ज्याने त्याने आपल्याशी विचार करावा.

राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ मध्ये जाहीर झाले. प्रत्येक राज्याने सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचे स्वतंत्र सेवासंवर्ग निर्माण करावेत, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. २०२२ मध्ये केंद्राने त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही पाठवल्या. त्याच धोरणात आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचा संकल्प होता. राष्ट्रीय आरोग्य लेखा २०२१-२२ प्रमाणे, म्हणजे महामारीच्या काळातही, तो १.८४ टक्क्यांवर होता आणि एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोक थेट आपल्या खिशातून देत होते. संकल्पाचे वर्ष येऊन गेले.

या भूमिकेवर चळवळीतून दोन आक्षेप घेतले जातील, आणि दोन्ही आक्षेप वजनदार आहेत. पहिला आक्षेप असा की व्यवस्थापक आला की काटकसर येते, ठेकेदारी येते, आणि सार्वजनिक सेवेत बाजाराचे मोजमाप शिरते. याला इतिहासाचा आधार आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा कारभार कसा असावा हे सांगण्यासाठी श्रीमती थॅचर यांच्या सरकारने रॉय ग्रिफिथ्स यांना पाचारण केले. ते एका किराणा साखळीचे सूत्रधार होते. त्यांच्या १९८३ च्या अहवालाने रुग्णालयांत सर्वाधिकारी व्यवस्थापक आणले, आणि पुढच्या दशकात त्याच वाटेने आरोग्यसेवेत खरेदीदार-विक्रेत्यांची अंतर्गत बाजारपेठ आली. तेव्हा व्यवस्थापक नेमा म्हटल्याने प्रश्न सुटत नाही हे खरेच आहे. परंतु यातून निघणारा निष्कर्ष व्यवस्थापक नको असा नाही. किराणा दुकानातून आणलेला व्यवस्थापक नको, असा आहे. तो कोठे शिकला, कोणाच्या पैशाने शिकला, कोणाला उत्तरदायी आहे, यावर सारे अवलंबून आहे. बाजारात लाखो रुपये भरून घेतलेली पदवी बाजाराचेच हिशेब शिकवणार आणि कर्जाच्या हप्त्यांसाठी बाजारातच नोकरी शोधणार. ज्याची पदवी सरकारी विद्यापीठात, सरकारी रुग्णालयात उमेदवारी करून मिळवलेली असेल, त्याच्याकडून वेगळी अपेक्षा करण्यास निदान जागा राहते.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा. रुग्ण ज्याला कळत नाही त्याने रुग्णालय चालवू नये, असे ते म्हणतात. रुग्णावर कोणता उपचार करावयाचा यात प्रशासकाने नाक खुपसू नये, हे शंभर टक्के मान्य. परंतु प्रसूतिगृहात रात्री दोन वाजता रक्त उपलब्ध असावे, वाहन चालू असावे, वाहनचालक जागेवर असावा, ही व्यवस्था लावण्यास शस्त्रक्रियेचे ज्ञान लागत नाही. छत्तीसगडमधील दल्ली राजहरा येथे शंकर गुहा नियोगी यांच्या संघटनेतील खाणकामगारांनी १९८३ मध्ये शहीद रुग्णालय उभारले. उपचाराअभावी बाळंतपणात एक कामगार कार्यकर्ती दगावली, त्या दुःखातून ते उभे राहिले. विटा कामगारांच्या, वर्गणी कामगारांची. डॉक्टर बाहेरून आले, परंतु रुग्णसेवेची कित्येक कामे खाणीत राबणाऱ्या माणसांनी शिकून घेतली. महाराष्ट्रातही समाजवादी कार्यकर्त्यांनी हडपसरला साने गुरुजींच्या नावाने रुग्णालय उभारले. ज्या चळवळीने रुग्णालये चालवून दाखवली, तिने रुग्णालय चालवण्याच्या विद्येला नाक मुरडावे, यातला विनोद फारसा कोणाच्या लक्षात आलेला दिसत नाही. आणि याच सांगली जिल्ह्यात, कुंडलच्या परिसरात, प्रतिसरकारने काय केले? ब्रिटिशांची कचेरी जाळली असेल. परंतु तंटे सोडवण्यासाठी न्यायमंडळे बसवली, गावाचा कारभार चालवला. सत्ता उलथण्याची भाषा करणाऱ्यांना कारभाराचे वावडे नव्हते.

कुपवाडच्या कामगाराचा या साऱ्याशी संबंध कोठे येतो हे पाहण्यासाठी फौंड्रीतल्या धुळीकडे पाहावे. ओतकामाच्या साच्यांत वाळू असते, वाळूत सिलिका असते, आणि ती बारीक धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात जाऊन बसली की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. खोकला येतो, धाप लागते, वजन घटते. छायाचित्र पाहून पुष्कळदा क्षयाचे निदान होते आणि माणूस क्षयाच्या गोळ्या खात राहतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने हा आजार कळवणे डॉक्टरवर बंधनकारक केले होते. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितेतही तो कळवावयाच्या आजारांच्या यादीत आहे. कामगार राज्य विम्याच्या योजनेत हा व्यवसायजन्य आजार ठरला तर अपंगत्वाचा लाभ मिळतो. कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी २०१९ पासून कापली जाते, ती याचसाठी. मग लाभ का मिळत नाही? कारण केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘मजुरी’ एवढेच लिहिलेले असते. कोणत्या कारखान्यात, कोणत्या खात्यात, किती वर्षे, हे कोणी विचारत नाही आणि विचारले तरी ते टिकेल अशा जागी लिहून ठेवत नाही. दहा वर्षांनी कामगार दावा लावतो तेव्हा कागद नसतो. तो कागद योग्य रीतीने लिहिला जावा, जपला जावा आणि एका वसाहतीतून एकाच तऱ्हेचे दहा रुग्ण आले की ते कोणाच्या तरी डोळ्यांत खुपावे, यालाच आरोग्य प्रशासन म्हणतात. हे काम बाह्यरुग्ण विभागात शंभर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरकडून होणार नाही. फौंड्री कामगाराच्या त्या शिकलेल्या मुलीकडून होईल, कारण वाळूची धूळ तिने बापाच्या सदऱ्यावर पाहिलेली आहे.

आणि ती आज ज्या खिडकीमागे बसली आहे तेथेही ती निरुपयोगी नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांना विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यावयाच्या आहेत. तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागावयाची नाही. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातील एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने गर्भवतीकडे दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला, ती स्त्री दगावली, आणि मग ही योजना पुन्हा सर्वांना आठवली. राखीव खाट शिल्लक नाही असे सांगितले जाते तेव्हा ती खरोखर शिल्लक नसते काय, हे कोणाला ठाऊक असते? डॉक्टरला बहुधा नसते. खाटांचा तक्ता ज्याच्या पुढ्यातील संगणकावर असतो त्याला असते. परंतु तो एकटा आहे, त्याची संघटना नाही, आणि तोंड उघडले तर दुसऱ्या दिवशी नोकरी नाही. हमाल, मोलकरणी, कागदकाच-पत्रा वेचणाऱ्या स्त्रिया यांच्या संघटना ज्या परंपरेने बांधल्या, तिला रुग्णालयातील हा पांढरपेशा कामगार अद्याप दिसलेला नाही. तो गळ्यात ओळखपत्र घालतो आणि इंग्रजीत नमस्कार करतो म्हणून शत्रू ठरत नाही.

पाच मार्च २०१७ रोजी मिरज तालुक्यातील म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. एका विवाहितेचा गर्भपातात बळी गेला म्हणून पोलीस तेथे पोचले, एरवी पोचले नसते. रुग्णालयांची नोंदणी, तपासणी, नूतनीकरण ही कामे ज्या यंत्रणेकडे आहेत तिच्याकडे ती इतर दहा कामांतले अकरावे काम म्हणून असतात. त्या तपासणीसाठी प्रशिक्षित आणि कायम नोकरीतला, म्हणून कोणाला न भिणारा, माणूस नेमा, ही मागणी म्हैसाळनंतरच्या कोणत्या मोर्चात झाली?

मागणी करावयाची तर ती नेमकी हवी. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे, सांगलीला वसंतदादा पाटील रुग्णालय आहे, आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला राज्यभर अभ्यासक्रम चालवण्याचा अधिकार आहे. आरोग्य प्रशासनाची पदवी मिरजेत, शासकीय शुल्कात, मराठीतून परीक्षा देता येईल अशी सुरू व्हावी. विद्यार्थ्याने शिकतानाच औषधभांडार, रुग्णनोंदी आणि कामगार विम्याचे काम करावे, त्याला विद्यावेतन मिळावे. पदवीनंतर पाच वर्षे सरकारी सेवा बंधनकारक असावी आणि ती सेवा कायम पदावर असावी. पदच नसेल तर पदवी देऊन काय करणार? म्हणून आधी संवर्ग, मग अभ्यासक्रम. कंत्राटावरच्या व्यवस्थापकांना त्या संवर्गात पहिला हक्क असावा.

त्याचबरोबर प्रशासकावर लोकांचा डोळा हवा. निवडून आलेल्या सभागृहाविना प्रशासन म्हणजे काय, हे सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या नागरिकांना सांगावे लागत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकच सर्वेसर्वा होता. रुग्णालयांच्या रुग्ण कल्याण समित्यांत आणि अभ्यागत मंडळांत कामगार संघटनेचा प्रतिनिधी असला पाहिजे. आमदाराच्या कार्यकर्त्याची सोय लावण्याची ती जागा नव्हे. राज्यात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. जनसुनवाईत गावच्या बाईने उभे राहून वैद्यकीय अधिकाऱ्याला औषधाचा हिशेब विचारला, आणि पुष्कळ ठिकाणी त्यानंतर औषध आले. तो प्रयोग कारखान्यांच्या वसाहतीत अद्याप आलेला नाही.

तोपर्यंत कुपवाडच्या शाखेला एक काम हाती घेता येण्यासारखे आहे, आणि त्याला मंडप लागत नाही. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या मुद्रांकावर सरकारी रुग्णालयाकडे अर्ज करावा. गेल्या बारा महिन्यांत न मिळालेल्या प्रत्येक औषधाच्या दोन तारखा मागाव्यात: मागणी नोंदवल्याची आणि औषध भांडारात पोचल्याची. उत्तर येईल ते आकड्यांच्या जाड गठ्ठ्याच्या रूपाने येईल, आणि तो गठ्ठा वाचणे सराईत कार्यकर्त्यालाही जमणार नाही. तो वाचण्यास जी शिकली आहे ती रात्री नऊला बिलाच्या खिडकीवरून सुटते आणि शेवटच्या शहर बसने कुपवाडला परतते.